टीव्हीच्या कडेला हरवलेला कळस

महाशिवरात्रीला परळीत बहिणीकडे होतो. वैजनाथाचं दर्शन झालं आणि देवळाच्या पायऱ्यांवर मागे शिखर येईल अशा बेताने सगळ्या घराचा एक फोटो काढला. संध्याकाळी भाच्याने लॅपटॉप एचडीएमआय केबलने बैठकीतल्या टीव्हीला जोडला आणि तो फोटो मोठा करून लावला. माणसं छान दिसत होती, पण शिखरावरचा कळस गायब होता आणि पुढच्या ओळीतल्या पोरांची पावलं कापली गेली होती. फोटो बंद केला, तर पडद्याच्या तळाची पट्टीही अर्धीच दिसू लागली.

"मामा, लॅपटॉपवर तर कळस दिसतोय की!" भाचा म्हणाला. शेजारच्यांनी सांगितलं, केबल बदला. बहिणीच्या सासूबाई मात्र पडद्याकडे बघत म्हणाल्या, "आमचा पहिला टीव्ही व्होल्टेज उतरलं की बारीक व्हायचा. हा उलटाच मोठा झालाय."

त्या वाक्यातच या दोषाचं उत्तर होतं. पण वीजकेंद्राच्या गावात व्होल्टेज, म्हणजे विजेचा दाब, उतरायचाच कसा?

परळीकर ज्याला नुसतं 'थर्मल' म्हणतात, त्या औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच 1971 साली सुरू झाला, 30 मेगावॅटचा. मुंबई दूरदर्शन आलं त्याच्या पुढच्या वर्षी, 1972 मध्ये. ऐंशीच्या दशकात लघुप्रक्षेपण केंद्रं उभी राहिली आणि टीव्ही लहान गावांत पोचला. थर्मलची वीज काही थेट शेजारच्या घरात जात नाही. ती उच्च दाबाच्या वाहिन्यांतून राज्याच्या जाळ्यात मिसळते, मग उपकेंद्रं, रोहित्रं आणि लांबलचक तारा ओलांडून घरी येते. गावातल्या मोटारी एकदम चालू झाल्या की घरातला दाब खाली यायचा. म्हणून टीव्हीशेजारी स्टॅबिलायझर हवाच, आणि त्याचा काटा बघणं हे घरातल्या कुणाचं तरी नेमून दिलेलं काम.

त्या टीव्हीत काचेची चित्रनळी असे. मागून इलेक्ट्रॉनांचा झोत सुटायचा आणि नळीच्या मानेभोवतीची तांब्याची वेटोळी आपल्या चुंबकीय क्षेत्राने त्याला डावीकडून उजवीकडे, वरून खाली फिरवायची. आपल्याकडच्या पद्धतीत सेकंदाला 25 चित्रं, प्रत्येक चित्र 625 रेषांचं, त्यातल्या 576 चित्राच्या. दाब उतरला की वेटोळ्यांतला प्रवाह कमी, झोताची फेक कमी आणि चित्र चारही बाजूंनी आक्रसलेलं. कडेला काळी पट्टी उघडी पडायची. सुटे भाग जुने झाले तरी तेच.

यावर कारखानदारांनी काढलेला तोडगा मला आजही शहाणपणाचा वाटतो. त्यांनी चित्र मुळातच काचेपेक्षा थोडं मोठं ठेवलं. कडा चौकटीआड लपल्या. दाब थोडा उतरला तरी पडदा भरलेलाच राही. शिंपी लुगड्याच्या झंपराला आत माया ठेवतो, तशी ही चित्राची माया. इंग्रजीत तिला ओव्हरस्कॅन म्हणतात. कार्यक्रम करणाऱ्यांनीही ती गृहीत धरली. जुन्या संकेतानुसार महत्त्वाची हालचाल मधल्या 90 टक्के भागात आणि अक्षरं मधल्या 80 टक्के भागात ठेवायची. बातम्यांतली नावं कडेपासून आत असायची, ती त्यामुळेच.

चित्रनळी गेली, सपाट पडदे आले. यांत दाब उतरला म्हणून चित्र आक्रसत नाही, कारण पडद्यावरचा प्रत्येक ठिपका जागच्या जागी कोरलेला आहे. तरीही अनेक टीव्ही एचडीएमआयच्या तोंडातून आलेलं चित्र सेट टॉप बॉक्सचं समजतात आणि जुन्या सवयीने थोडं ताणून कडा कापतात. सिनेमा बघताना ते कळत नाही. लॅपटॉपचं चित्र मात्र शेवटच्या ठिपक्यापर्यंत कामाचं असतं.

गणित करून बघू. लॅपटॉप 1920 गुणिले 1080 ठिपके पाठवतो. टीव्हीने 5 टक्के माया धरली तर 1824 गुणिले 1026 एवढेच उरतात. वर 27 आणि खाली 27 ठिपके गेले, डावी-उजवीकडे 48-48. विंडोज 10 ची तळाची पट्टी साध्या मापात 40 ठिपके उंच असते; त्यातले 27 गेल्यावर हाती काय राहणार? शिवाय उरलेले 1824 ठिपके 1920 जागांवर पसरायचे म्हणजे एकाचा रंग दोघांत वाटावा लागतो. म्हणून अक्षरं पुसट दिसतात. कापलेली कड आणि पुसट अक्षरं ही दोन दुखणी नव्हेत, एकच आहे.

इलाज रिमोटमध्ये आहे. चित्राच्या आकाराच्या यादीत '16:9' च्या जागी, कंपनीगणिक, 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट', 'फुल पिक्सेल' किंवा 'ओरिजिनल' असं काही तरी असतं, ते निवडायचं. काही टीव्हींत त्या जोडणीला 'पीसी' असं नाव दिलं की ताणणं आपोआप थांबतं. लॅपटॉपमध्येही चित्र लहान करण्याची सरकपट्टी मिळते, पण ती शेवटचा उपाय समजावी. तिथे चित्र आधी आकसतं, मग टीव्ही ते पुन्हा ताणतो. कड दिसते, अक्षरं मात्र दुप्पट बिघडतात. दोष टीव्हीच्या बाजूला आहे, दुरुस्ती तिथेच व्हावी.

'नो सिग्नल' हा प्रकार वेगळा. एचडीएमआयच्या 19 तारांपैकी दोन बारीक तारांवरून लॅपटॉप टीव्हीला त्याची ओळख विचारतो आणि टीव्ही 128 बाइटांच्या छोट्या तक्त्यापासून उत्तर द्यायला सुरुवात करतो: मी अमुक मापाचा, सेकंदाला इतकी चित्रं दाखवतो. ही विचारपूस अर्धवट राहिली की पडदा काळा. त्यासाठी दोन्ही यंत्रं बंद असताना केबल लावा, मग टीव्ही सुरू करून योग्य एचडीएमआय निवडा आणि शेवटी लॅपटॉप चालू करा. तरीही काळं असेल तर विंडोजच्या खुणेची कळ आणि 'पी' एकदम दाबून 'डुप्लिकेट' निवडा.

यंत्रं बंद ठेवून केबल लावायला आणखी एक कारण आहे, आणि मराठवाड्यात ते जास्त लागू पडतं. कोरड्या जमिनीत अर्थिंग कमजोर होतं. परळीत पाण्याची ओढ किती, हे 2015 च्या जुलैत दिसलं; पाण्याअभावी थर्मलचे संच बंद ठेवावे लागले. अर्थिंग नीट नसलं की दोन यंत्रांच्या धातूच्या अंगांत थोड्या दाबाचा फरक राहतो आणि चालू स्थितीत केबल खुपसताना तो एचडीएमआयच्या नाजूक भागांतून वाट काढू शकतो. लॅपटॉपला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायची जुनी रीत मोडू नका.

बहिणीच्या टीव्हीत तो पर्याय तिसऱ्या पानावर सापडला. तो निवडला आणि कळस वर आला. तुमच्याही टीव्हीवर कड कापली जात असेल तर नवी केबल आणायला बाजारात जाण्याआधी रिमोट हातात घ्या आणि चित्राच्या आकाराची यादी शेवटपर्यंत वाचा.