घरच्या सोयाबीनचा टोफू आणि न्याहारीची भुर्जी

विदर्भ-मराठवाड्यातील शेतकरी सोयाबीन पिकवतो, पण त्यातील तेलच काय ते त्याच्या स्वयंपाकघरात परत येते. तेल काढल्यावर उरणारी प्रथिनयुक्त पेंड मुख्यतः पशुखाद्यात जाते. सोयाबीनमध्ये सुमारे ४० टक्के प्रथिने व २० टक्के तेल असते. ही प्रथिने आपल्या कुटुंबाच्या ताटात आणण्याचा सोपा मार्ग म्हणजे टोफू, अर्थात सोयाबीनच्या दुधाचा साकळलेला गोळा. सोयाबीनच्या आहाराचा विचार आपल्याकडे नवा नाही. १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत महात्मा गांधींनी जेवणात सोयाबीनचा प्रयोग करून 'हरिजन'मध्ये त्याविषयी लिहिले होते.

दाणे कोणते घ्यावेत?

पक्व, वाळलेले, बुरशी नसलेले दाणे निवडून घ्यावेत. पेरणीतून उरलेले, बीजप्रक्रिया केलेले बियाणे खाण्यासाठी कधीही वापरू नये. बुरशीनाशक धुऊन पूर्ण जात नाही. सोयाबीन कच्चेही खाऊ नये. त्यातील ट्रिप्सिन-रोधक घटक प्रथिनांच्या पचनास अडथळा आणतो. पुरेशा उकळण्याने त्याचा प्रभाव बराच कमी होतो.

टोफू करण्याची कृती

१) पाव किलो सोयाबीन धुऊन ८ ते १० तास भिजवावे. उन्हाळ्यात पाणी मध्ये एकदा बदलावे. नंतर पाणी फेकून, दाणे चोळून साले काढावीत.

२) एकूण दोन लिटर कडक गरम पाणी थोडे थोडे घालून दाणे बारीक वाटावेत. गरम पाण्यामुळे सोयाबीनचा उग्र वास कमी होतो.

३) मिश्रण मोठ्या पातेल्यात ढवळत १५ मिनिटे उकळावे. फेस जोरात वर येतो, म्हणून पातेले अर्धेच भरावे.

४) मलमलच्या कापडातून गाळून दूध वेगळे करावे. ते पुन्हा उकळी येईपर्यंत तापवून, खाली उतरवून पाच मिनिटे थांबावे.

५) तीन-चार कागदी लिंबांच्या रसात तेवढेच पाणी मिसळून ते दुधात दोन-तीन वेळा घालावे व हळू ढवळावे. दहा मिनिटांत पिवळसर, नितळ पाणी सुटते. पाणी दुधाळ राहिल्यास आणखी थोडा रस घालावा.

६) कापडात गाळून वर दीड-दोन किलो वजन अर्धा तास ठेवावे. गोळा थंड पाण्यात तासभर बुडवल्यास आंबटपणा जातो.

पाव किलो दाण्यांपासून साधारण ३५० ते ४५० ग्रॅम टोफू मिळतो. उरलेला चोथा त्याच दिवशी थालीपिठाच्या पिठात मिसळावा.

न्याहारीची भुर्जी (चार जणांसाठी)

दोन चमचे तेलात मोहरी, जिरे, कढीपत्ता व हिरवी मिरची यांची फोडणी करावी. दोन कांदे परतून एक टोमॅटो व हळद घालावी. २०० ग्रॅम टोफू हाताने कुस्करून टाकावा व चार-पाच मिनिटे परतावे. शेवटी मीठ, कोथिंबीर व चिमूटभर पादेलोण घालावे. पादेलोणामुळे अंड्याच्या भुर्जीसारखा वास येतो. ज्वारीच्या भाकरीबरोबर ही न्याहारी पोटभर होते. दूध व अंडी अजिबात न घेणाऱ्यांनी बी-१२ जीवनसत्त्वाची सोय वेगळी करावी, कारण टोफूतून ते मिळत नाही. सोयाबीनची ॲलर्जी असणाऱ्यांनी हा पदार्थ टाळावा.

टिकवण आणि विक्री

टोफू पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवावा व पाणी रोज बदलावे. असा तो चार-पाच दिवस टिकतो. फ्रीज नसल्यास त्याच दिवशी संपवावा. म्हणूनच लातूरहून मुंबईच्या नाहूर, मुलुंड, भांडुप भागांत टोफू पाठवायचा तर वाटेत सतत थंडावा राखावा लागतो, आणि तो खर्च लहान गटाला परवडेलच असे नाही. चांगला वाळवलेला दाणा मात्र महिनोन् महिने टिकतो. तेव्हा लांबच्या गटांनी स्वच्छ, निवडलेल्या सोयाबीनची एक किलोची पाकिटे कृतीच्या चिठ्ठीसह विकून पाहावीत. टोफू मात्र जवळच्या गावात, मागणीप्रमाणे ताजा करून द्यावा.

विक्रीपूर्वी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी घ्यावी. पाकिटावर 'पनीर' न लिहिता 'टोफू' लिहावे, कारण दूध नसलेल्या पदार्थाला दुग्धजन्य पदार्थाचे नाव देण्यास नियमाने मनाई आहे. मात्र विक्रीचा विचार करण्याआधी पाव किलो दाण्यांचा टोफू प्रथम आपल्याच घरी करून पाहावा.