हिपॅटायटिस बी: विषाणू एक, कुळं दहा

छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागातला कुणी तिथल्या घाटी रुग्णालयात हिपॅटायटिस बीची तपासणी करून घेतो, तेव्हा कार्डाच्या पट्टीवर एक रेघ उमटते किंवा दोन. दोन म्हणजे विषाणूचा अंश रक्तात सापडला. पण तो कोणत्या कुळातला, म्हणजे त्याचा जीनोटाइप कोणता, हे त्या रेघा सांगत नाहीत. त्यासाठी त्याची जनुकं वाचावी लागतात.

ही जनुकसाखळी जेमतेम 3,200 अक्षरांची. नक्कल करताना विषाणू चुका करतो आणि त्या सुधारत नाही. अशा चुका साठत साठतच त्याची ए ते जे अशी दहा कुळं झाली. दोन कुळांत आठ टक्क्यांहून अधिक फरक असतो. महाराष्ट्रात डी जास्त, त्याखालोखाल ए. पूर्व भारतात सी देखील भेटतं. इंटरफेरॉन या औषधाला ए बऱ्यापैकी दाद देतं, डी जरा हट्टी. टेनोफोव्हिरच्या गोळ्यांपुढे मात्र हा भेद फारसा उरत नाही. म्हणून कूळ शोधण्याचा खर्च डॉक्टर सहसा सांगत नाहीत, आणि ते योग्यच.

लस सगळ्याच कुळांवर चालते. बाळाला पहिला डोस जन्मानंतर 24 तासांच्या आत द्या; पुढचे सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात, सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.