घामाचे भाडे

“म्हणजे परदेशी जाऊन लोकांची धुणीभांडी करणार?” वहिनींच्या या प्रश्नाने परवा रात्री जेवणाची चवच गेली. प्रश्न पुतणीला होता. साठवलेल्या पैशांत विमानाचे तिकीट बसते, पण हॉटेल बसत नाही. तेव्हा कोणाकडे तरी काम करावे आणि त्या मोबदल्यात तेथेच राहून देश पाहावा, असा तिचा बेत! वहिनींनी माझ्याकडे पाहिले. “भावोजी, तुम्ही तरी सांगा हिला.” मास्तर माणूस अशा वेळी जे करतो तेच मी केले, अभ्यासाला चार दिवस मागून घेतले.

खरे पाहता ही कल्पना आपल्याला परकी नाही. वार लावून जेवणारा आणि त्या घरची चार कामे करणारा गरीब विद्यार्थी आपल्याच कुळात दोन-तीन पिढ्यांमागे सापडेल. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी तर ‘कमवा आणि शिका’ हेच व्रत मानले.

परदेशातील कथाही गमतीची आहे. १९७१ साली लंडनमध्ये सू कॉपर्ड नावाच्या एका सेक्रेटरीबाईंना शनिवार-रविवारी खेड्यात जावेसे वाटे. पण तेथे ओळखीचे कोणी नव्हते. त्यांनी जाहिरात दिली आणि चौघे जण ससेक्समधील एमर्सन कॉलेजच्या शेतावर गेले. दिवसा राबायचे, रात्री तेथेच जेवून निजायचे. त्या दोन दिवसांतून ‘वूफ’ ही चळवळ वाढली. आज अनेक देशांत रासायनिक खते न वापरणाऱ्या शेतांवर पाहुणे रोज साधारण चार-सहा तास खुरपतात, फळे तोडतात, गोठा झाडतात. यजमान जेवण आणि निवारा देतो. पैसे कोणी कोणाला देत नाही.

माझे मन मात्र गुंतले ते पॅरिसमध्ये. नोत्र दामसमोर, सीनच्या काठी जॉर्ज व्हिटमन या अमेरिकन गृहस्थाने १९५१ साली पुस्तकांचे दुकान उघडले. पुढे त्याचे नाव ‘शेक्सपिअर अँड कंपनी’ झाले. तेथे पुस्तकांच्या कपाटांमध्येच खाटा! होतकरू लेखकाने यावे, खुशाल राहावे. भाडे एवढेच की दुकानात थोडा वेळ काम करायचे, रोज एक पुस्तक वाचायचे आणि एका पानाचे आत्मचरित्र लिहून ठेवायचे. व्हिटमन २०११ साली वारले. तेथे झोपून गेलेल्यांची संख्या हजारांत आहे. बाविसाव्या वर्षी मला हे कोणी सांगितले असते तर!

पण येथे सावध राहिले पाहिजे. पैसा हाती पडला नाही म्हणून कायद्याच्या लेखी ते काम नव्हे, असे होत नाही. न्यूझीलंडसारखा देश जेवण आणि निवास हाही मोबदलाच समजतो. पर्यटकाच्या व्हिसावर असे काम करायला निघालेल्याला विमानतळावरूनच परत फिरावे लागण्याचा धोका असतो. तेव्हा त्या त्या देशाचा नियम आधी वाचावा, कामाचे तास लिहून घ्यावेत, पूर्वी राहून गेलेल्यांचे अनुभव पाहावेत आणि यजमान वाईट निघाल्यास आठवडाभर बाहेर राहता येईल एवढे पैसे वेगळे ठेवावेत. मुलींनी तर ठेवावेतच.

सरळ मार्गही आहेत. जर्मनीत ‘ओ पेअर’ म्हणून जाता येते. वयाची १८ वर्षे पूर्ण हवीत, २७ झालेली नसावीत. प्राथमिक जर्मन यावे. कुटुंबात राहून मुले सांभाळायची, हलके घरकाम करायचे, आठवड्याला ३० तासांपर्यंत. मुदत फार तर एक वर्ष. स्वतंत्र खोली, जेवण आणि दरमहा २८० युरो हातखर्च मिळतो. ‘ओ पेअर’ या फ्रेंच शब्दांचा अर्थच मुळी ‘बरोबरीच्या नात्याने’. ती मोलकरीण नव्हे. घरच्यांच्या पंक्तीला बसून जेवणारी पाहुणी!

चार दिवसांनी हे सारे मी घरी वाचून दाखवले. वहिनी ऐकत होत्या. “बरोबरीनं ना? मग हरकत नाही,” त्या म्हणाल्या.

तेवढ्यात पुतणीची नजर खिडकीकडे गेली. कामाला येणाऱ्या मावशींचा कान तुटलेला कप तेथे पालथा घातला होता. आमच्या कपांत तो कधीच मिसळत नाही. “आई,” ती हळूच म्हणाली, “त्या बाईनं मलाही असा वेगळा कप दिला तर चालेल तुला?”

वहिनी काही बोलल्या नाहीत. मीही नाही. तो कप इतकी वर्षे मलाही दिसत होताच की!

पुतणीने जर्मनच्या वर्गात नाव घातले आहे. आणि दुसऱ्या दिवशी मावशींचा चहा आमच्याच बशीवर आला.