शिवारातला लहान लॅपटॉप आणि प्रयोगशाळेतला मोठा

गाजरगवत खाणाऱ्या मेक्सिकन भुंग्याच्या निरीक्षणाचा हंगाम फार लहान असतो. पावसाच्या पहिल्या सरींनी जमीन भिजली की मातीत सुप्तावस्थेत राहिलेले प्रौढ भुंगे वर येतात, गाजरगवताच्या पानांवर अंडी घालतात आणि थंडीची चाहूल लागताच त्यांची संख्या ओसरू लागते. जुलै ते सप्टेंबर या काळात ज्या नोंदी होतात, त्यांवरच वर्षभराचे विश्लेषण उभे राहते. एखाद्या आठवड्याची नोंद हुकली किंवा संगणकातून नाहीशी झाली, तर पुढच्या पावसाळ्याची वाट पाहण्यावाचून इलाज नसतो. म्हणूनच क्षेत्रीय कामासाठी कोणता संगणक वापरावा, हा प्रश्न केवळ खरेदीचा राहत नाही.

गाजरगवताची आपल्याकडील ठळक नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यात झाली. त्यावर उपाय म्हणून झायगोग्रामा बायकोलोराटा हा भुंगा १९८३ मध्ये मेक्सिकोतून बंगळूरुला आणण्यात आला आणि पुढील वर्षी शिवारात सोडण्यात आला. तणांच्या संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र १९८९ मध्ये जबलपूरला स्थापन झाल्यापासून या कामाला येथेही बळ मिळाले. माझे वास्तव्य जुन्या शहरात, बडा फुहारा येथील बाजारपेठेत आहे. निरीक्षणाची ठिकाणे मात्र पनागर आणि पाटणच्या बाजूला, रस्त्याकडेच्या पडीक जमिनींवर आहेत. या ये-जा करण्यात अनेक वर्षे सोबत राहिलेला लहान लॅपटॉप आणि त्याच्या जागी आलेला मोठा, शक्तिशाली लॅपटॉप यांची तुलना येथे मांडली आहे.

दोन यंत्रांचे मोजमाप

जुना लॅपटॉप ११.६ इंची पडद्याचा, ४ जीबी मेमरीचा आणि १.२ किलो वजनाचा आहे. त्याचा चार्जर ४५ वॉटचा असून त्याचे वजन पाव किलो भरते. नवा लॅपटॉप १५.६ इंची पडद्याचा, ३२ जीबी मेमरीचा, स्वतंत्र ग्राफिक कार्ड असलेला आणि २.४ किलोचा आहे. त्याचा २३० वॉटचा चार्जरच सुमारे ८०० ग्रॅमचा आहे. पाठीवरच्या पिशवीत एकाचे ओझे दीड किलोच्या आत राहते, तर दुसऱ्याचे सव्वातीन किलोच्या घरात जाते. त्यात नमुन्यांच्या बाटल्या, कीटकजाळे, पाणी आणि रेनकोट यांची भर पडली की हा फरक दुपारपर्यंत खांद्याला कळतो.

पडद्याच्या बाबतीत इंचांचा आकडा थोडा फसवा असतो. ११.६ आणि १५.६ यांत केवळ चार इंचांचे अंतर दिसते. परंतु ही कर्णाची लांबी आहे आणि क्षेत्रफळ कर्णाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे मोठ्या पडद्याचे क्षेत्रफळ लहान पडद्याच्या जवळपास १.८ पट होते. जुन्या पडद्यावर सुमारे साडेदहा लाख बिंदू आहेत, नव्यावर साधारण पावणेएकवीस लाख. नोंदींचा तक्ता आणि आलेख शेजारी शेजारी उघडून काम करताना ही दुप्पट जागा खरोखर उपयोगी पडते.

मोठी बॅटरी म्हणजे अधिक वेळ नव्हे

बॅटरीची क्षमता वॉट-तासांत मोजतात. तिला यंत्राच्या सरासरी वीजवापराने भागले की चालण्याचा कालावधी मिळतो. जुन्या लॅपटॉपची बॅटरी ३८ वॉट-तासांची आहे; तक्ते भरण्याच्या कामात तो सुमारे ६ वॉट वीज घेतो, म्हणजे सहा तासांहून थोडा अधिक काळ चालतो. नव्याची बॅटरी ८० वॉट-तासांची, दुपटीहून मोठी. परंतु त्याच कामासाठी तो २० वॉट घेतो आणि चार तासांत थांबतो. प्रतिमांवरील जड काम सुरू केल्यास वापर ८० वॉटपर्यंत चढतो व बॅटरी तासाभरात संपते.

शिवारात वीज मिळण्याचा मार्ग बहुधा गाडीतील १२ व्होल्टचे सॉकेट हाच असतो. त्यातून १० अँपिअर प्रवाह मिळाला तर ती १२० वॉट शक्ती झाली. लहान इन्व्हर्टर लावून ४५ वॉटचा चार्जर त्यावर सहज चालतो, २३० वॉटचा पूर्ण क्षमतेने चालू शकत नाही.

उष्णता आणि धूळ हेही विसरून चालत नाही. बहुतेक लॅपटॉप साधारण ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या परिसर-तापमानासाठी घडवलेले असतात आणि जबलपूरचा मे महिना ती मर्यादा केव्हाच ओलांडतो. जितकी वीज आत जाते, तितकीच उष्णता बाहेर टाकावी लागते. मोठ्या यंत्राचे पंखे त्यासाठी सतत हवा ओढतात आणि तिच्याबरोबर धूळ व परागकणही आत येतात. जुन्या यंत्राला पंखाच नाही. मंद गती ही त्याची उणीव आहे, पण तिच्यामुळेच तो शिवारात टिकून राहिला.

मोठ्या यंत्राचे खरे काम

मग नव्या यंत्राची गरज कोठे पडते? भुंगा जेमतेम ६ मिलिमीटर लांबीचा असतो. इतक्या जवळून छायाचित्र घेतले की मिलिमीटरच्या अल्पशा भागातच स्पष्टता येते. डोके स्पष्ट दिसले तर पाय पुसट होतात. म्हणून केंद्रबिंदू थोडा थोडा सरकवत ४० छायाचित्रे घेतात आणि त्यांतील स्पष्ट भाग जोडून एक प्रतिमा तयार करतात. २४ मेगापिक्सेलचे एक छायाचित्र मेमरीत उलगडल्यावर ७२ एमबी जागा घेते; ४० छायाचित्रांना सुमारे २.९ जीबी लागते, शिवाय मधल्या टप्प्यांच्या प्रती वेगळ्या. जुन्या यंत्राच्या ४ जीबीपैकी मोठा वाटा संगणकप्रणालीनेच व्यापलेला असतो. जागा अपुरी पडली की यंत्र मेमरीचे काम डिस्कवर ढकलते आणि गती पार मंदावते. ३२ जीबीच्या यंत्रावर ही अडचण येत नाही. छायाचित्रांवरून कीटक ओळखणाऱ्या प्रणालींना शिकवण्यासाठीही ग्राफिक कार्डाचा उपयोग होतो.

उलट, पानाचा किती भाग भुंग्याने खाल्ला हे मोजण्यासाठी एवढ्या सामर्थ्याची आवश्यकता नाही. ३०० बिंदू प्रति इंच या प्रमाणात केलेले ए-४ आकाराचे स्कॅन सुमारे २६ एमबीचे होते. इमेजजेसारख्या मोफत प्रणालीत हे मोजमाप जुन्या लॅपटॉपवरही समाधानकारकपणे करता येते.

लहान यंत्राची परंपरा

लहान लॅपटॉप म्हणजे मोठ्याची अपुरी आवृत्ती, अशी समजूत रूढ आहे. कर्जत तालुक्यातील खैरात गावच्या शाळेत २००७ मध्ये ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ उपक्रमाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप पोहोचले, त्यांची रचना या समजुतीला छेद देणारी होती. ७.५ इंची पडदा, २५६ एमबी मेमरी, वजन सुमारे दीड किलो. पण त्याचा पडदा भर उन्हात वाचता येत असे, कारण मागचा प्रकाश बंद केल्यावर तो सूर्यप्रकाशच परावर्तित करून अक्षरे दाखवी. उघड्यावर काम करणाऱ्याला नेमके हेच हवे असते. आजचे अनेक चकचकीत पडदे शिवारात आरशासारखे वागतात.

खरेदीपूर्वी आणि खरेदीनंतर

वरील विवेचनावरून तरुण संशोधक, कृषी विज्ञान केंद्रे व शेतकरी गट यांच्यासाठी काही सूचना कराव्याशा वाटतात.

१. प्रथम कामांची यादी करावी आणि प्रत्येक कामापुढे ते शिवारात होते की छताखाली, हे लिहावे. यंत्राची निवड त्यावरून ठरवावी.

२. बॅटरीचे वॉट-तास, चार्जरचे वॉट आणि चार्जरसह एकूण वजन हे तीन आकडे विक्रेत्याला अवश्य विचारावेत. विमानप्रवासात १०० वॉट-तासांहून मोठ्या बॅटरीसाठी विमान कंपनीची परवानगी लागते, हेही ध्यानात ठेवावे.

३. शिवारासाठी झळाळी नसलेला पडदा घ्यावा.

४. जुने यंत्र टाकून देण्याआधी त्याची फिरती हार्ड डिस्क बदलून एसएसडी बसवावी व नवी बॅटरी घालावी. माझ्या जुन्या लॅपटॉपचे हे काम बडा फुहारा परिसरातील एका दुरुस्ती करणाऱ्याने दुपारभरात केले.

५. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि अनेक जुनी यंत्रे विंडोज ११ साठी पात्र ठरत नाहीत. अशा यंत्रांवर लिनक्स बसवता येते. तक्ते, सांख्यिकी आणि नकाशे यांसाठी लागणाऱ्या लिबरऑफिस, आर आणि क्यूजीआयएस या मोफत प्रणाली त्यावर चालतात.

६. दुरुस्तीपलीकडे गेलेले यंत्र नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच द्यावे; तत्पूर्वी त्यातील माहिती पुसावी.

सध्या आमच्या कामाची वाटणी ठरून गेली आहे. लहान लॅपटॉप शिवारात जातो. नोंदी झाडापाशीच टंकल्या जातात, त्यामुळे ओल्या वहीवरून रात्री उतरवताना होणाऱ्या चुका टळतात. मोठा लॅपटॉप प्रयोगशाळेच्या टेबलावरून हलत नाही. दर सायंकाळी नोंदींची एक प्रत मोठ्या यंत्रात आणि दुसरी वेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या डिस्कवर जाते, म्हणजे मूळ धरून तीन प्रती होतात. ज्यांचे काम पावसाळ्यावर अवलंबून आहे त्यांनी बॅटरीची तपासणी, डिस्कची अदलाबदल आणि प्रती काढण्याची रंगीत तालीम मे महिन्यातच उरकून घ्यावी. जूनअखेर भुंगे जमिनीतून वर आल्यावर त्यासाठी सवड मिळत नाही.