एका खंदकातील वैरी

मसाट येथील औद्योगिक वसाहतीच्या आसपास राहणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांत सेवा करणाऱ्या एका धर्मशिक्षकाने मध्यंतरी आमच्यापुढे एक अडचण मांडली. दोन घरांत जागेच्या हद्दीवरून काही वर्षांपूर्वी तंटा झाला आणि तेव्हापासून अबोला आहे. दोन्ही घरची माणसे रविवारी एकाच मिस्साबलिदानास येतात व दोन टोकांना बसतात. त्यातून एका घरची मुलगी दुसऱ्या घरी दिलेली. तिचे माहेर शंभर पावलांवर असूनही तिला तेथे जाता येत नाही. सणाच्या तयारीचे काम दोन्ही घरांवर एकत्र सोपवले, तर वैर आपोआप निवळेल काय, असा त्या धर्मशिक्षकाचा प्रश्न होता.

सहवासाने वैर मावळते, ही समजूत आपल्या प्रवचनांतूनही पुष्कळदा डोकावते. युद्धपटांचा एक प्रकारच तिच्यावर उभा आहे. दोन शत्रुसैनिक कोठेतरी अडकून पडतात. भूक, थंडी किंवा मृत्यूचे भय दोघांना सारखेच असते. आणि हळूहळू गणवेशाआडचा माणूस दिसू लागतो. १९६८ साली आलेल्या ‘हेल इन द पॅसिफिक’ या चित्रपटात एक अमेरिकन व एक जपानी असे एका बेटावर सापडतात. विजय राज यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘क्या दिल्ली क्या लाहौर’ (२०१४) मध्ये १९४८ सालच्या सरहद्दीवरील एका चौकीपाशी भारतीय व पाकिस्तानी शिपाई समोरासमोर येतात. तथापि या विषयाचा सर्वांत निर्दय आणि म्हणूनच धर्मसेवकांना सर्वांत उपयुक्त असा विचार ज्यात झाला आहे, तो चित्रपट बोस्नियाचा आहे. आशुतोष गोवारीकर यांच्या ‘लगान’ला मागे सारून २००२ साली परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक ज्याने मिळविले, तोच हा ‘नो मॅन्स लँड’. त्या वेळी आपल्याकडे हळहळ पुष्कळ झाली. जिंकलेला चित्रपट मात्र फार थोड्यांनी पाहिला.

दिग्दर्शक दानिस तानोविच यांनी युद्धकाळी वेढलेल्या सारायेव्होत राहून बोस्नियाच्या सैन्यासाठी चित्रीकरण केले होते. १९९२ ते १९९५ या काळातील त्या युद्धात सुमारे एक लाख माणसे मेली. लढणाऱ्यांची बोली जवळजवळ एकच. वेगळेपणाची खूण म्हणून पुढे केला जाई तो धर्म: कोणी मुसलमान, कोणी ऑर्थोडॉक्स, कोणी कॅथलिक. ही गोष्ट आपण ख्रिस्ती वाचकांनी घाईने ओलांडू नये.

कथा १९९३ मधील आहे. दोन्ही फळ्यांच्या मधल्या एका खंदकात तिघे सापडतात. चिकी हा बोस्नियाक, नीनो हा सर्ब, आणि तिसरा त्सेरा हा चिकीचा सोबती. त्सेरा मेला असे समजून एका सर्ब सैनिकाने त्याच्या देहाखाली सुरुंग ठेवला आहे; अंगावरील भार हलताच तो उडावयाचा. त्सेरा शुद्धीवर येतो, पण हलू शकत नाही. मदत मिळावी म्हणून चिकी व नीनो अंगावरचे कपडे उतरवून पांढरी वस्त्रे हालवितात. गणवेश गेल्यावर दोघांपैकी आपला कोणता आणि परका कोणता, हे दुरून कोणालाच ओळखता येत नाही.

सामान्य कथाकार येथेच थांबला असता आणि आपणही प्रवचनासाठी एवढेच उचलले असते. तानोविच थांबत नाहीत. युद्ध कोणी सुरू केले यावर दोघांचा वाद जुंपतो. चिकीच्या हाती बंदूक असते तेव्हा नीनोला कबूल करावे लागते की, आरंभ आम्ही केला. पुढे बंदूक नीनोच्या हाती येते आणि तीच कबुली चिकीला द्यावी लागते. आपल्या ओळखीची एक तरुणी दोघांनाही ठाऊक होती, हे बोलता बोलता कळते. क्षणभर दोघे हसतात. पण त्या हसण्याने काहीच बदलत नाही. संयुक्त राष्ट्रांचे सैनिक येतात, वार्ताहर येतात, आणि अखेरीस सुटकेच्या उंबरठ्यावर चिकी नीनोला गोळी घालतो व स्वतःही मारला जातो. सुरुंग निकामी करता येत नाही असे तज्ज्ञाला आढळते. तेव्हा अधिकारी जखमीला वाचविल्याचे खोटेच जाहीर करून निघून जातात. खंदकात एकटा त्सेरा उरतो.

बंदुकीच्या धाकाने वदवून घेतलेली कबुली आणि पश्चात्ताप यांतील अंतर पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंना आम्ही सांगावे असे नाही. पण तंटे मिटविताना आपण नेमके हेच विसरतो. दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवून ‘आधी चूक कोणाची?’ असे विचारणे म्हणजे बंदूक कोणाच्या हाती आहे ते पाहणे होय. मत्तयच्या पाचव्या अध्यायात, वेदीपाशी अर्पण ठेवून आधी समेट करण्यास प्रभू सांगतो, तेथे त्याच्या शब्दांची दिशा लक्षात घेण्यासारखी आहे. तुझ्या मनात भावाविषयी काय आहे हे तो विचारीत नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काय आहे, त्याचे स्मरण करावयास लावतो. खंदकातील दोघांना आपापली जखम पाठ होती. दुसऱ्याची तक्रार स्वतःच्या तोंडाने मांडणे त्यांना जमले नाही.

याचा अर्थ दोष दोन्हीकडे नेहमी सारखाच असतो, असे मात्र नव्हे. स्रेब्रेनित्सा येथे १९९५ साली घडलेले हत्याकांड हा वंशसंहार होता, असे हेगच्या न्यायाधिकरणाने ठरविले आहे. ‘सारेच सारखे’ असे म्हणणारे प्रवचन मृतांवर अन्याय करते. आपल्या परिसरातील उदाहरण घ्यावयाचे तर दादरा मसाटपासून दूर नाही. २१ जुलै १९५४ च्या रात्री फ्रान्सिस मस्कारेन्हस यांच्या नेतृत्वाखाली युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या स्वयंसेवकांनी तेथील पोलीस चौकीवर चाल केली. तीत अनिसेतो रोझारियो हे पोलीस अधिकारी मारले गेले. चालून जाणारे गोव्याचे आणि पडलेला अधिकारीही गोव्याचाच, ख्रिस्ती. मुक्तीची बाजू न्याय्य होती याविषयी आमच्या मनात संदेह नाही. तरीही मृतांसाठी प्रार्थना करताना रोझारियोंचे नाव वगळण्याची मुभा ख्रिस्तसभेला नाही. न्याय कोणाचा, हे स्पष्ट म्हणणे आणि वैऱ्यासाठी प्रार्थना करणे, ही दोन्ही कर्तव्ये एकाच मुखाने पार पाडावी लागतात. आणि ते अवघड आहे.

एक सावधगिरीची सूचना. निश्चल पडलेल्या त्सेराला ख्रिस्ताचे प्रतीक करण्याचा मोह उपदेशकाला सहज होईल. आमच्या मते तो आवरावा. त्सेराने आपण होऊन काहीच पत्करलेले नाही. त्याला तेथे ठेवले गेले. मधली आडभिंत ख्रिस्ताने आपल्या देहाने पाडली असे पौल इफिसकरांस लिहितो, त्यात स्वेच्छेने दिलेले मोल आहे. त्सेरा पाहून आपण स्मरण करावयाचे ते दोघांच्या भांडणात ज्याला हलता येत नाही अशा तिसऱ्याचे.

मसाटच्या धर्मशिक्षकाला आम्ही सणाचे काम तूर्त बाजूला ठेवण्यास सांगितले. दोन्ही घरी त्याने वेगवेगळे जावे, आणि ‘त्यांचे तुमच्याविषयी काय म्हणणे आहे?’ एवढेच विचारून उत्तर मिळेपर्यंत थांबावे. हद्दीच्या मोजणीचे कागद कोणाकडे आहेत तेही पाहावे, कारण त्यात खरेखोटे असणारच. मात्र या सर्वांच्या आधी त्या मुलीला भेटावे. इतक्या वर्षांत तिला कोणी काही विचारले होते काय, असे आम्ही त्याला विचारले. त्याला आठवेना.