अगंज पोलादाचा सांधा आणि त्यालगतची दुर्बल रेषा

‘अगंज’ या शब्दातील नकारदर्शक ‘अ’मुळे हे पोलाद स्वभावतःच गंजत नाही, असा समज होणे साहजिक आहे. वस्तुतः हा गुण एका अटीवर अवलंबून असतो. पोलादात क्रोमियमचे प्रमाण सुमारे १२ टक्के वा अधिक असेल, तर पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर बसतो व तो आतील धातूचे रक्षण करतो. हे प्रमाण जेथे घटते, तेथे ते रक्षणही संपते. वितळजोडकामात, म्हणजेच वेल्डिंगमध्ये, असे घडण्याचा संभव असतो.

१८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेले सुपरिचित पोलाद उदाहरणादाखल घेऊ. सांधा करताना दोन पत्र्यांच्या कडा वितळून एकजीव होतात. परंतु त्यांच्या दोन्ही बाजूंस, थोड्या अंतरावर, एक अरुंद पट्टा न वितळता सुमारे ४५० ते ८५० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. या उष्णतामानात कार्बन स्फटिककणांच्या सीमांवर जमतो व तेथील क्रोमियमशी संयोग पावून क्रोमियम कार्बाइड बनते. त्यात वजनाने कार्बनच्या सुमारे सोळापट क्रोमियम अडकते. यास्तव अल्प कार्बनही बराच घात करतो. कणाच्या अंतर्भागातील क्रोमियम अतिशय मंद गतीने सरकत असल्याने सीमेजवळील ही उणीव लवकर भरून निघत नाही. पत्रा जाड असेल किंवा सांध्यावर अनेक थर चढवावे लागले, तर हा धोका वाढतो.

अशा सांध्याची ताणकसोटी घेतली असता त्याचे बळ बहुधा कमी झालेले आढळत नाही. पुढे अम्लाचा संपर्क घडला म्हणजे मात्र कणसीमा झिजतात, कण सुटे होतात आणि टाकी सांध्याशेजारीच गळू लागते. म्हणून नमुना मोरचूद व गंधकाम्ल यांच्या उकळत्या द्रावणात तांब्याच्या सान्निध्यात ठेवून नंतर वाकवून पाहतात. सीमा दुर्बल झाल्या असल्यास त्यावर भेगा पडतात.

यावर उपाय तीन आहेत. कार्बन ०.०३ टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवावा. किंवा टायटॅनियम अथवा नायोबियम मिसळावे, म्हणजे कार्बन क्रोमियमऐवजी त्यांच्याशी संयोग पावतो. किंवा तयार वस्तू सुमारे १०५० अंशांवर तापवून त्वरेने थंड करावी, म्हणजे कार्बाइड पुन्हा विरघळते. मोठ्या टाकीच्या बाबतीत तिसरा उपाय सहसा शक्य नसतो. तेव्हा योग्य पोलादाची निवड सांधा करण्यापूर्वीच होणे आवश्यक आहे.