बर्फ झाडत नाहीत, खणतात

जपानच्या निगाता प्रांतातल्या डोंगराळ गावांत जानेवारीच्या पहाटे घराचं दार उघडलं, की कित्येकदा समोर अंगण नसतं. कमरेइतका उंच पांढरा बांध असतो. दार बाजूला सरकणारं असतं, म्हणून निदान उघडतं तरी. बाहेरच्या बाजूला ढकलायचं असतं, तर घरातली माणसं आतच अडकली असती. बर्फ काढायची हत्यारं दाराच्या आत, हाताशी येतील अशी ठेवलेली असतात. बाहेर ठेवली, तर सकाळी आधी त्यांनाच शोधून काढावं लागतं. रस्त्यावरचा बर्फ ढकलणारी पालिकेची यंत्रं उजाडण्यापूर्वीच फिरून जातात, पण ती जाताना प्रत्येक घराच्या तोंडाशी घट्ट बर्फाचा वरंबा टाकून जातात. दारापासून त्या वरंब्याच्या पलीकडे पोचेपर्यंतचं काम घरच्यांचं.

एवढा बर्फ इथे का पडतो, हे सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्याला चटकन समजेल. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात आणि कोकणात, घाटमाथ्यावर धो धो पाऊस पडतो. इथे सैबेरियाकडून निघालेले गार, कोरडे वारे जपानच्या समुद्रावरून येतात. तिथल्या तुलनेनं उबदार पाण्याची वाफ घेतात, होन्शू बेटाच्या मधल्या डोंगररांगांना धडकतात आणि पाऊस नव्हे, बर्फ टाकतात. याच प्रांतातल्या त्सुनान गावी फेब्रुवारी 2022 मध्ये जमिनीवर साचलेल्या बर्फाची उंची 419 सेंटिमीटर भरली होती. किनाऱ्यालगतच्या ताकादा शहरात 1945 मध्ये ती 377 सेंटिमीटर होती. शिवाय इथली थंडी कडाक्याची नसते, पारा शून्याच्या आसपासच घुटमळतो. त्यामुळे बर्फ ओला, चिकट आणि जड असतो. कापसासारखा भुरभुरणारा बर्फ मनात धरून आलेल्या पाहुण्याला पहिल्याच फावड्यात फरक कळतो.

इथल्या लोकांनी या कामाला नावही तसंच दिलं. निगाताचं जुनं नाव एचिगो. तिथल्या शिओझावा गावचे कापड व्यापारी सुझुकी बोकुशी (1770-1842) यांनी हिमप्रदेशातल्या जगण्यावर ‘होकुएत्सु सेप्पु’ नावाचा ग्रंथ लिहिला. त्याचा पहिला भाग 1837 मध्ये एदो, म्हणजे आजच्या टोकियोत छापला गेला. बर्फ क्वचित पाहणाऱ्या शहरी वाचकांना ते सांगतात की, आमच्याकडे बर्फ झाडत नाहीत, खणतात. शब्दच ‘युकिहोरी’, बर्फाची खणती. खणायला लागतं ते ‘कोसुकी’ नावाचं लाकडी फावडं. ते बीच जातीच्या झाडाच्या लाकडाचं असतं, कारण ते लाकूड हलकं असूनही चिवट, सहसा न मोडणारं असतं, असा खुलासाही बोकुशी करतात. लाकडाचा आणखी एक फायदा असा की, छपरावर चुकून जोरात घाव बसला तरी खालचं शाकारणं फारसं दुखावत नाही.

खणणं हा शब्द किती नेमका आहे, हे साध्या हिशेबानं पटतं. जपानच्या हिमप्रदेशात घर बांधताना एक चौरस मीटर छपरावरच्या एक सेंटिमीटर जाडीच्या बर्फाचं वजन तीन किलो धरतात. म्हणजे दहा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद छपरावर मीटरभर बर्फ साचला, की डोक्यावर चोवीस टन ओझं झालं. मालानं भरलेले दोन ट्रक कौलांवर उभे करावेत, तसं. आणि हे ओझं एकदा उतरवून भागत नाही. जोराच्या हिवाळ्यात तीन-चार वेळा छपरावर चढावं लागतं.

म्हणूनच इथल्या घरात एक फावडं पुरत नाही. आपल्याकडचं फावडं आपल्या बाजूला ओढायचं असतं. हे सरळ दांड्याचं, समोर खुपसायचं. रात्री पडलेल्या ताज्या बर्फासाठी ॲल्युमिनियमचं किंवा प्लास्टिकचं रुंद पात्याचं फावडं घेतात. दोन-तीन दिवस दबून घट्ट झालेल्या थरात ते वाकतं, तिथे पोलादी पातं लागतं. दिवसा वितळून रात्री गोठलेल्या, पायवाटेला चिकटून बसलेल्या काचेसारख्या थराला टोकदार पोलादी फावडं किंवा टिकाव. ओला बर्फ पात्याला चिकटायला लागला, की प्रत्येक खेपेला फावडं आपटून रिकामं करण्यातच निम्मी ताकद जाते. त्यावर उपाय म्हणून पात्याला मेण चोळतात. त्यासाठी घरातली मेणबत्तीही चालते.

कसलेला माणूस बर्फात फावडं मारताना पाहिला, तर तो उचलण्यापेक्षा कापण्यावरच जास्त वेळ घालवतो. आधी डावीकडे एक उभा छेद, मग उजवीकडे, मग मागच्या बाजूला. चौथ्यांदा पातं खालून आडवं सारलं, की खरवसाच्या वडीसारखा चौकोनी ठोकळा अलगद सुटून येतो. नवखा माणूस ढिगात सरळ फावडं खुपसतो आणि कंबर वाकवून सगळा भार हातांवर घेतो. अर्ध्या तासात त्याची पाठ धरते. ठोकळा कापणारा गुडघ्यात वाकतो, फावडं पोटाजवळ धरतो आणि ठोकळा फेकण्यापेक्षा घसरवून देतो.

काही वेळा बर्फ काढतच नाहीत, तुडवतात. पूर्वी पहाटे घरातलं कोणीतरी पायांत भाताच्या पेंढ्याचे पिंपासारखे मोठे जोडे चढवायचं. त्यांना ‘फुमिदावारा’ म्हणत. वरच्या दोऱ्या हातांत धरून एकेक पाऊल दाबत शेजारच्या घरापर्यंत वाट पाडली, की मुलं त्या वाटेनं शाळेला निघत.

कापला, उचलला, तरी खरा प्रश्न पुढेच उभा राहतो: टाकायचा कुठे? बर्फ नाहीसा करता येत नाही, फक्त हलवता येतो. ताकादात छपरांवरचा बर्फ भर रस्त्यात टाकत. रस्ता घरांपेक्षा उंच होई आणि घरात उतरायला बर्फात पायऱ्या खोदाव्या लागत. ‘या खाली ताकादा आहे’ अशी पाटी तिथे लावली होती, अशी आख्यायिका आजही सांगतात. अशा दिवसांत चालायला वाट राहावी, म्हणून तिथल्या प्रत्येक घरमालकानं स्वतःच्या जागेत, स्वतःच्या खर्चानं दारापुढे लांब पडवी काढली. शेजाऱ्यानं त्याच्या पडवीला आपली जोडली. ‘गांगी’ नावाच्या या छत्राखालच्या वाटा ताकादात आजही एकूण सुमारे 16 किलोमीटर आहेत.

काही गावांत घराशेजारी लहानसं तळं असतं आणि ओढ्याचं वाहतं पाणी त्यातून खेळवलेलं असतं. त्यात लोटलेला बर्फ हळूहळू विरघळतो. दाट वस्तीत रस्त्याच्या कडेनं जाळीच्या झाकणांचे खोल पाट बांधले आहेत. त्यांत नदीचं पाणी सोडतात आणि घराघरांतून बर्फ ढकलतात. पण सगळ्यांनी एकदम ढकलला तर पाट तुंबतो आणि पाणी खालच्या आळीतल्या घरांत शिरतं. म्हणून आळीवार वेळा ठरलेल्या असतात, महाराष्ट्रातल्या कालव्यांवरच्या पाणीपाळीसारख्या. आपली पाळी आली, की म्हातारे-कोतारे, मुलं, सगळे हत्यारं घेऊन बाहेर पडतात.

या पाटापर्यंत बर्फ नेणारं हत्यार मात्र फावडं नव्हे. अंगणातलं धान्य पाखडायचं सूप चांगलं हातभर रुंद केलं आणि त्याला पाठीमागून कमरेइतक्या उंचीची कमान बसवली, की या हत्याराची कल्पना येईल. ढिगात घुसवायचं, किंचित मागे झुकवायचं आणि घसरगाडीसारखं ढकलत न्यायचं. फावड्याच्या कित्येक खेपांचा माल एका फेरीत जातो आणि उचलावं काहीच लागत नाही. याला ‘स्नो डंप’ म्हणतात, पण घराघरांतलं नाव ‘मामासान डंप’, आईचा डंपर.

त्या नावात हिमप्रदेशातल्या घरांचा इतिहास दडला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानची शहरं झपाट्यानं उभी राहत होती. भातकापणी उरकली, की खेड्यांतले पुरुष टोकियोकडे बांधकामांवर, कारखान्यांत मजुरीला जात आणि वसंतात परतत. बर्फ पडायचा तो नेमका ते नसतानाच. मुंबईच्या चाकरमान्यांमागे कोकणात घर सांभाळलेल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. पुरुषाच्या खांद्याच्या मापाचं हत्यार त्या घरांत कामाचं राहिलं नव्हतं. ढकलून चालणारा, बाईमाणसाला पेलणारा डंप घरोघरी रुळला. हात बदलले, म्हणून हत्यार बदललं.

बर्फाशी हातांनी झगडण्यापेक्षा तो पडताक्षणीच वितळवता येईल का, हा प्रश्न नागाओका शहरात सुटला. तिथले इमाई योसाबुरो तांदळाची तिखट-खारी बिस्किटं बनवणारे उद्योजक. जमिनीतून पाणी झिरपत होतं, तिथे बर्फ साचत नाही, हे त्यांच्या नजरेनं टिपलं. भूजलाचं तापमान हिवाळ्यातही सुमारे 13-14 अंश सेल्सिअस असतं. ते पाणी पंपानं उपसून रस्त्याच्या मधोमध पुरलेल्या नळीच्या भोकांतून शिंपडायचं, एवढीच युक्ती. 1961 मध्ये नागाओकात अशी पहिली नळी बसली आणि पुढे हिमप्रदेशात पसरली. पाण्यातल्या लोहामुळे त्या रस्त्यांवर गंजाच्या रंगाचे पट्टे उमटलेले असतात; परक्या माणसाच्या डोळ्यांत आधी तेच भरतात. सोय मोठी होती, पण जमिनीखालचं पाणी फुकट मिळत नाही. अतोनात उपशानं मिनामिउओनुमा परिसरात जमीन खचली. त्यानंतर उपशावर बंधनं आली आणि बर्फ पडायला लागल्यावरच पंप चालू करणारे संवेदक बसू लागले.

आज मोठं अंगण असलेल्या बहुतेक घरांच्या शेडमध्ये बर्फ फेकणारं यंत्रही दिसतं. पुढचा मळसूत्रासारखा दातेरी रूळ बर्फ कापून मधे ओढतो, मागचा पंखा तो वरच्या नळकांड्यातून लांब फेकतो. रुळात दगड अडकला, तर आधी एक मुद्दाम कमजोर ठेवलेला बोल्ट तुटतो आणि यंत्र वाचतं. माणसाच्या हाताला असा बोल्ट नाही. ओल्या बर्फानं नळकांडं तुंबलं, की घाईत हात आत घालायचा मोह होतो. इंजिन बंद असलं तरी पट्ट्यात ताण शिल्लक असतो आणि अडकलेला बर्फ सुटताच पंखा झटका मारू शकतो. बोटं जातात ती याच क्षणी. त्यासाठीच यंत्रासोबत एक साधी काठी दिलेली असते. वापरायची ती काठी, हात नव्हे, हे तिथे पुन्हा पुन्हा बजावावं लागतं. मागे सरकताना यंत्र आणि भिंत यांच्यात माणूस चेंगरल्याच्या घटनाही घडतात.

2005-06 चा हिवाळा जपानला विसरता आला नाही. त्या एका मोसमात बर्फानं 152 माणसं दगावली. त्यांतली सुमारे तीन चतुर्थांश बर्फ काढण्याच्या कामात गेली आणि साधारण दोन तृतीयांश पासष्टी ओलांडलेली होती. कोणी छपरावरून घसरलं, कोणी छपरावरून सुटलेल्या बर्फाखाली सापडलं. थंडीत जड वजन उचलताना अनेकांच्या हृदयानं दगा दिला. तरणी मुलं शहरात स्थिरावलेली, मागे सत्तरी-पंचाहत्तरीची जोडपी, आणि डोक्यावर तेच चोवीस टन. यावेळी हात पुन्हा बदलले होते, पण त्यांना पेलेल असं हत्यार तयार नव्हतं.

मग हातच बाहेरून आणायचं ठरलं. या आपत्तीनंतर निगातात ‘एचिगो युकिकाकी दोजो’ नावाची शाळा सुरू झाली, एचिगोची बर्फ उपसण्याची तालीम. शहरांतली माणसं इथे येऊन शिकतात आणि शिकता शिकता गावातल्या म्हाताऱ्यांची अंगणं मोकळी होतात. शिकवतात त्या गोष्टी दिसायला साध्या असतात. एकट्यानं छपरावर जायचं नाही. शिडी वर बांधल्याशिवाय चढायचं नाही. हेल्मेट आणि कमरेला दोर हवा. छप्पर खरवडून कोरडं करायचं नाही, वीतभर थर राहू द्यायचा, म्हणजे पत्रा जपला जातो आणि पायही घसरत नाही. ऊन पडलं, की वळचणीखाली उभं राहायचं नाही. फोन खिशात ठेवायचा. म्हातारे शेजारी उभे राहून पाहुण्याची फावड्यावरची पकड सुधारतात. खालचा हात आणखी खाली सरकव, असं सांगतात.

मार्च सरत आला, की घराभोवतीचं हे काम शेताकडे सरकतं. उओनुमा भाग कोशिहिकारी तांदळासाठी नावाजलेला, पण खाचरं अजून बर्फाखालीच असतात आणि रोपं टाकायची वेळ तर जवळ येते. तेव्हा शेतकरी भाताचं जाळून काळं केलेलं तूस पोत्यात भरून बांधावर येतात आणि पेरणीसारखं मुठीमुठीनं पांढऱ्या शेतावर उधळतात. काळा रंग ऊन ओढून घेतो. ना पातं, ना दांडा, ना इंजिन. ऐंशीची आजीही हे काम सहज करते. दुपारपर्यंत त्या काळ्या ठिपक्यांच्या जागी बर्फात बारीक खळगे पडलेले असतात आणि खळग्यांच्या तळाशी पाणी चमकू लागतं.